सतरा नंबरची हजेरी

सोमवारी सकाळी सव्वासहाला बाथरूमची कडी आतून अडकली, तेव्हा रंगनाथ अजिबात घाबरले नाहीत. बायको नागपूरला मुलीकडे गेली होती, ती शुक्रवारी येणार होती. फोन बाहेर टेबलावर होता. पण सातला हजेरी होती.

त्र्याहत्तर सालच्या बी.कॉम.च्या वर्गातले उरलेले एकोणीस जण रोज सातला फोनवर जमत. वर्गातल्याच सुशीलाबाई रोल नंबर पुकारत आणि ज्याने त्याने 'हजर' म्हणायचं. जो बोलणार नाही, त्याच्या दाराची बेल तासाभरात कोणीतरी वाजवायची. त्यासाठी प्रत्येकाच्या घराची एक किल्ली जवळच्या वर्गमित्राकडे दिलेली होती. या सगळ्याला 'म्हातारपणीचा पोरखेळ' हे नाव रंगनाथांनीच ठेवलं होतं. आता ते पंचा गुंडाळून पालथ्या बादलीवर बसले आणि पोरखेळाची वाट पाहू लागले.

रोल नंबर अठरा, म्हणजे रामदास, रोज सारसबागेत त्यांच्याबरोबर फिरत आणि दोघं एकाच फोनवरून हजेरी देत. आज सतरा नंबरचे रंगनाथ आले नाहीत. झोपला असेल, रामदासांनी ठरवलं. उगाच कोणी जाऊन त्याला उठवायला नको.

"सतरा?"

रामदासांनी नाक चिमटीत धरलं. पन्नास वर्षांनीही आवाज बरोबर लागला. "हजर, मॅडम."

"अठरा?"

"हजर," नाक सोडून रामदास म्हणाले. मित्रासाठी काहीतरी केल्याच्या समाधानात त्यांनी बागेला एक फेरी जास्त मारली.

आठ वाजले तरी बेल वाजली नाही. रंगनाथ "अहो, कोणी आहे का?" असं ओरडले. शेजाऱ्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

साडेआठला पोहे खाता खाता सुशीलाबाईंचा चमचा थांबला. कॉलेजात त्यांनी सरांना सांगून रंगनाथांची प्रॉक्सी पकडून दिली होती आणि रंगनाथांची टर्म गेली होती. त्या रागाने हा गृहस्थ त्यांना रोज एकच उत्तर देई : "नाइलाजाने हजर." आज चक्क 'मॅडम'?

त्यांनी फोन लावला. "रामदास, रंगनाथांना फोन द्या."

"ते जरा... झाडामागे गेलेत."

"दीड तास?"

रामदासांनी नाक चिमटीत धरल्याचं कबूल केलं.

"किल्ली घ्या आणि कसब्यात त्यांच्या घरी या. मी रिक्षात बसतेय."

कुलूप उघडून दोघं आत शिरले, तर बाथरूमचं दार आतून वाजत होतं. रामदास स्क्रू ड्रायव्हर घेऊन कडीशी झटू लागले.

"कोण कोण आलंय?" आतून खोल गेलेला आवाज आला.

"मी, सुशीला."

"अहो, पंच्यावर आहे मी!"

"असू द्या. हजर आहात ना? मग झालं."

कपडे करून रंगनाथांनी स्वतः चहा केला. टवका न उडालेला एकुलता एक कप सुशीलाबाईंपुढे ठेवला.

"पन्नास वर्षं तुमच्यावर राग धरला," ते म्हणाले, "प्रॉक्सी पकडली म्हणून. आज पकडली नसतीत तर..."

रामदासांनी मान खाली घालून दोन बिस्किटं खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सातला सुशीलाबाईंनी पुकारलं, "सतरा?"

रंगनाथांनी घसा साफ केला. रात्रीच ठरवून ठेवलेलं होतं. "हजर, सुशीलाताई. अगदी मनापासून हजर."



"रामदास, परत? लाज नाही वाटत? थांबा, मी रिक्षा बोलावते."

"अहो, मीच आहे! खरंच मी!"

"कशावरून?"

रंगनाथांनी सुस्कारा सोडला.

"नाइलाजाने हजर."

"हां. अठरा?"