सुगत काय शिकून आला

घराचा दरवाजा कुठल्या बाजूला ठेवायचा, असं सुगत वाघमारेला विचारलं की तो आपल्याकडे दयेनं बघतो आणि म्हणतो, "ते आपण कोण ठरवणार?"

हा माणूस आर्किटेक्ट आहे. नांदेडात माझ्याच ऑफिसात, माझ्या समोरच्या टेबलावर बसतो. मी साधा सिव्हिल इंजिनियर. इतकी वर्षं लोकांना घरं बांधून देतोय, पण दरवाजा ठरवणारा मी कोण, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आता पडतो. परवा घरी पंखा कुठं लावायचा असं बायकोनं विचारलं, तर माझ्याच तोंडून निघून गेलं, "ते आपण कोण ठरवणार?" ती दिवसभर बोलली नाही.

सुगत मूळचा उमरीचा. लातूरला आर्किटेक्चर केलं, स्कॉलरशिपवर परदेशात गेला आणि पुढचं शिक्षण घेऊन आला. काय शिकून आला, हे मी त्याला अनेकदा विचारलंय. पहिल्यांदा तो म्हणाला, "ॲडव्हान्स्ड आर्किटेक्चर, अर्बन डिझाइन आणि डिजिटल डिझाइन टेक्नॉलॉजी."

"म्हणजे?"

"म्हणजे भाऊ, घर आपण काढायचं नसतं. घराला उगवू द्यायचं असतं."

"म्हणजे?"

मग त्यानं मला तिकडच्या एका भिंतीचा व्हिडिओ दाखवला. समोर उभं राहून कुणी मोठ्यानं बोललं की ती भिंत मागं सरकायची. मी तिसऱ्यांदा 'म्हणजे' म्हणालो नाही. चहा सांगितला.

त्याला ऑफिसात घेतलं ते एलेव्हेशनसाठी, म्हणजे घराच्या दर्शनी चित्रासाठी. आमच्याकडे गिऱ्हाईकाला घर कसंही चालतं, पण पुढून कॉम्प्युटरवर रंगीत दिसलं पाहिजे, दारात गाडी उभी दिसली पाहिजे आणि वर निळं आभाळ पाहिजे. सुगत हे चुटकीसरशी करेल असा माझा हिशोब. पहिल्याच आठवड्यात त्यानं ऑफिसाबाहेर आपली पाटी रंगवून घेतली. पदवीचं नाव इतकं लांब की पेंटरला पाटीवर ते बसवता बसवता शेवटी 'आर्किटेक्चर' खाली उतरवून बारीक लिहावं लागलं. रस्त्यावरून वाचता यायचं ते फक्त 'डिजिटल डिझाइन टेक्नॉलॉजी'. दुसऱ्या दिवशी एक बाई पोरीला कॉम्प्युटर क्लास लावायला घेऊन आली. त्याच्या दुसऱ्या दिवशी एकानं बिघडलेला प्रिंटर आणला. सुगतनं तो दुरुस्त करून दिला. मी विचारलं, "हेही तिकडंच शिकवलं का?" म्हणाला, "हाव. पहिल्या सेमिस्टरला."

खरा गोंधळ अजीमचाचांच्या घराचा झाला. चाचांचं जुन्या नांदेडात सायकलचं दुकान. दुकानावर दोन मुलांसाठी घर बांधायचं होतं. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी सगळं सांगून टाकलं. एक हॉल, दोन बेडरूम, किचन, मधून जिना.

सुगतनं लॅपटॉप उघडला. "चाचा, तुमच्या घरात भांडणं जास्त कुठं होतात?"

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे.

"ऐसे सवाल पूछते क्या इंजिनियर लोगां?"

"सांगा ना चाचा. महत्त्वाचं हाय."

चाचांनी जरा विचार केला. "बाथरूम के सामने. सकाळी. दोन्ही पोरांना एकदमच जायचं असतं."

सुगतनं ते टाइप केलं. मग विचारलं, चाची दुपारी कुठं लवंडतात, पाहुणा आला की कोण कुठं लपतं, मुलं रुसली की कुठल्या कोपऱ्यात जातात. चाचा आधी अवघडले, मग खुलले, आणि शेवटी मोठ्या सुनेबद्दल जे बोलू नये तेही बोलून बसले. उठताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "साब, हे नकाशा काढणार का लग्न मोडणार?"

मग ही सगळी उत्तरं घेऊन कॉम्प्युटर कामाला लागला. दिवसच्या दिवस तो घुरघुरत होता आणि सुगत त्याच्यासमोर गालाला हात लावून बसला होता. विचारलं तर म्हणायचा, "उगवून राहिलंय, भाऊ." शेवटी त्यानं चाचांना बोलावलं. स्क्रीनवर शेकडो घरं. काही कारल्यासारखी, काही मधाच्या पोळ्यासारखी. एक घर तर कुणीतरी पिळून वाळत घातल्यासारखं.

"यातलं माझं कुठलं?" चाचांनी विचारलं.

"सगळे तुमचेच हायत."

"बेटा, सगळे माझे, तर मग मी राहू कुठं?"

"ते आपण कोण..."

"सुगत!" मी ओरडलो.

चाचा उठून गेले. काम गेलं असं मी धरून चाललो आणि त्या दिवशी सुगतला नाही नाही ते बोललो. एवढा शिकून आला, एक सरळ भिंत काढता येत नाही का? त्यानं लॅपटॉप मिटला. नंतर हळूच म्हणाला, "भाऊ, चुकतंय का माझं?" मला वाटलं होतं उलटून बोलेल. 'हो' म्हणायचं होतं, पण नक्की काय चुकतंय तेच मला सांगता येईना.

दोन दिवसांनी चाचा परत आले, चाचींना घेऊन. चाचींनी चष्मा लावला, स्क्रीन खालून वर, वरून खाली बघितली आणि एका घरावर बोट ठेवलं. "ये अच्छा है." का, ते सांगितलं नाही. सुगतनंही विचारलं नाही. तेच घर बांधलं. बोळ मधेच वळतो, दोन न्हाण्या दोन टोकांना, जिना मधेच पोट सुटल्यासारखा फुगलाय. गवंड्यानं मला जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या आजवर कुणी घातल्या नसतील.

नव्या घराचं जेवण झालं. पुढं महिन्याभरानं चाचा ऑफिसात आले आणि गंभीरपणे म्हणाले, "वाघमारेसाब, बाथरूम का झगडा बंद हो गया."

सुगत लाजला.

"अब हॉल में करते. वहाँ आवाज अच्छी गूंजती."

हे यश की अपयश, मला अजून ठरवता आलेलं नाही.

या उन्हाळ्यात सुगत एकाएकी यायचा बंद झाला. फोन उचलेना. मग कळलं, त्याची आई न्हाणीत पडली, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन करून तिला उमरीला घरी आणलंय. मी बस पकडून भेटायला गेलो.

दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. पुढं अंगणात कडुलिंबाचं झाड. झाडाखाली बाजेवर आई, आणि शेजारी जमिनीवर मांडी घालून सुगत. लॅपटॉप कुठं दिसला नाही. मला बघून तो चहा ठेवायला आत गेला.

आई हळू आवाजात म्हणाली, "तुम्हीच का ते नांदेडचे साहेब? एक इचारू का?"

"विचारा की, मावशी."

"ह्यानं शिकलं काय हो? शेजारच्या बाया इचारतात. मला सांगता येत न्हाई. मी आपलं म्हणते, लांबचं शिकलाय."

"बरोबर सांगता," मी म्हणालो. "लांबचंच आहे."

"हाव. लई लांबचं. ह्याचा बाप गेला तवा हा तिकडंच होता. तिकीट मिळंना. पुतण्यानं मोबाईल वर धरला, त्याच्यात बघितलं ह्यानं सगळं. मोबाईल बंद कर म्हणलं तर म्हणे, नको आई, राहू दे चालू. माणसं घरी गेली, अंगण झाडून झालं, तरी ह्याचं चालूच."

सुगत चहा घेऊन आला. त्यानं ऐकलं असावं. चहा पिताना त्याचं लक्ष आईच्या पायांकडे होतं. ऊन सरकत सरकत बाजेच्या टोकाला आलं होतं. त्यानं कप खाली ठेवला, उठला, आणि आईला धक्का लागू नये अशा बेतानं बाजेचा एकेक पाय उचलून सावलीकडे ओढू लागला. जमिनीवर बाजेच्या पायांचे ओरखडे दिसत होते, झाडाभोवती अर्धगोल. सकाळपासून तो हेच करत असणार. कालही, परवाही.

मी दुसऱ्या टोकाला हात लावला.

"हळू, भाऊ," तो म्हणाला. मग वाकून आईला विचारलं, "बस का, आई?"

"अजून जरा."

आम्ही अजून जरा सरकवली.

"हां," आई म्हणाली आणि तिनं डोळे मिटले. सुगत पुन्हा तिच्या उशाशी जमिनीवर बसला.