खुशालरावांची गार अंडी

बार्शीटाकळीजवळच्या एका खेड्यात कृषी सहायक खुशालराव जोडधंद्यावर भाषण देत होते. सलग तीन वर्षं कापूस हातचा गेला होता आणि बायांना कोंबड्या पाळायला सांगा, असा वरून हुकूम आला होता. “कापूस दगा देईन, कोंबडी देणार नाही!” खुशालराव गरजले.

पुढ्यात बसलेल्या पार्वताबाईनं विचारलं, “साहेब, तुमच्या घरी किती हायेत?”

घरी एकही नव्हती. पण चाळीस बाया तोंडाकडे पाहत होत्या. “पाच,” खुशालराव म्हणाले, आणि बोललेलं खोटं ठरू नये म्हणून पुढच्याच रविवारी त्यांनी बाजारातून पाच गावरान कोंबड्या आणल्या.

अकोल्यातल्या त्यांच्या घरामागं धुणं वाळत घालण्यापुरतं अंगण होतं. कोंबड्यांनी पहिल्याच दिवशी पुदिना उकरला, दुसऱ्या दिवसापासून त्या स्कूटरच्या सीटवर झोपू लागल्या. रोज सकाळी सीट धुऊन खुशालराव ऑफिसला जात. अंडं मात्र महिना झाला तरी एक नाही.

“तुमच्या हापिसाचा कागद दाखवा त्याइले,” बायको वच्छला म्हणाली. “हुकूम आल्याबिगर त्या काई अंडं देत नाहीत.”

अशात मे महिन्यातल्या एका सकाळी दारात पार्वताबाई उभी. सोबत गावच्या दोघी. “साहेब, तुमच्या कोंबड्या पाहाले आलो.”

खुशालरावांनी त्यांना चहाला बसवलं आणि मागच्या दारानं कोपऱ्यावरच्या दुकानाकडे धूम ठोकली. फ्रीजमधली सहा अंडी आणून टोपलीत अंथरलेल्या कुटाराच्या भुशात खुपसली. मग घाम पुसत पाहुण्यांना अंगणात नेलं.

पार्वताबाईनं एक अंडं उचललं, गालाला लावलं. “गावरान कोंबडी अन् अंडं असं पांढरंफटक? अन् इतकं गार?”

“आज जरा हवा थंड हाये,” खुशालराव म्हणाले. भिंतीला हात लावला तर चटका बसत होता.

त्याच भिंतीवरून शेजारच्या सिताराबींचं डोकं वर आलं. हातात तसराळं, तसराळ्यात तांबूस अंडी. “खुशालभाऊ, हे घ्या तुमचे अंडे. तुमच्या कोंबड्या रोज भिंत टपून, इकडं उतरून आमच्या सरपणात घालून राहिल्या. आज ढीग उपसला तवा दिसले. नाहीतर तुमाले वाटलं असतं, सिताराच खाते!”

सोबतच्या दोघी पदर तोंडाला लावून खुदखुदल्या. खुशालरावांना वाटलं, आता पार्वताबाईही हसणार. हसली असती तर बरं झालं असतं.

“साहेब,” ती म्हणाली, “तुमच्या भरोशावर मी कानातलं मोडून पंधरा कोंबड्या घेतल्या. माना वाकड्या करून करून नऊ मेल्या. तुमच्या पाच कशा जगल्या, तेच पाहाले आली मी. लस कोणती टोचली?”

लस! भाषणात कोंबड्या कोंडायचा खुडा होता, खाद्य होतं, टाळ्यांसाठी मोकळी जागा होती. लसीचा शब्द नव्हता. खुशालरावांची मान अशी खाली गेली, की वच्छलाला वाटलं यांनाही तोच रोग झाला.

“मले कोंबडीतलं काईच समजत नाही, बाई,” ते म्हणाले. “मी कागदावरचं वाचत होतो.”

पार्वताबाईनं हातातलं गार अंडं टोपलीत ठेवलं. मग म्हणाली, “सहा हायेत अजून घरी. चाला, दवाखान्यात घेऊन चाला मले.”

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी खुशालरावांनी सोबत आणलेल्या पाचही कोंबड्यांना मानमोडीची लस टोचली आणि पार्वताबाईसाठी बर्फात घातलेली कुपी दिली. मग ते खुशालरावांवर उखडले. “लस न देता कोंबड्या पाळता? शिकलेले दिसता. काय करता तुम्ही?”

पार्वताबाई शेजारीच उभी होती.

“मी... नोकरी करतो,” खुशालराव म्हणाले. “कापडाच्या कारखान्यात.”


पार्वताबाईनं कुपी सांभाळत घाईघाईनं पदर तोंडाला लावला.