हार्टवेल रोव्हर्सवरील बहिष्कार

हार्टवेल रोव्हर्स हा इंग्लंडमधला फुटबॉल क्लब एका आखाती देशाच्या सरकारी निधीने विकत घेतल्याची बातमी मधुसूदन पैठणकरांनी जुलैतल्या एका मंगळवारी सकाळी वाचली. संध्याकाळी साडेसहाला त्यांनी हार्टवेलच्या स्थानिक समर्थक मंडळाची तातडीची सभा बोलावली. सभा नेहमीप्रमाणे त्यांच्या सिडकोतल्या घरी झाली. अकरापैकी अकरा सदस्य हजर होते. एवढी उपस्थिती मंडळाच्या वहीत यापूर्वी एकदाच नोंदलेली होती, आणि त्या दिवशी त्यांच्या पत्नी दमयंतीबाईंनी साबुदाणा वड्यांची पूर्वसूचना दिली होती.

पैठणकर पाटबंधारे खात्यातून कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. घरी केबल आली त्या वर्षी त्यांनी हार्टवेलला पहिल्यांदा पाहिले. हार्टवेलने चार गोल खाल्ले आणि सामना संपल्यावर त्यांच्या गोलकीपरने गोल मारणाऱ्या प्रत्येकाशी शोधून शोधून हात मिळवला. तेव्हापासून सत्तावीस वर्षे पैठणकर या क्लबचे होते. या काळात क्लबने एकही करंडक जिंकला नव्हता. एक तरी करंडक पाहायला मिळावा, एवढीच त्यांची इच्छा होती. ती त्यांनी दमयंतीबाईंखेरीज कोणाला बोलून दाखवली नव्हती.

"काका, क्लबला मालक कोणी तरी असणारच," देवेश म्हणाला. तो हायकोर्टाच्या खंडपीठात वकिली करायचा. "आधीचा कोण संत होता? दारूचे कारखाने होते त्याचे."

"तो दारूवाला होता. हे सरकार आहे. सरकारला क्लब कशाला लागतो? आपल्या घरात काय चाललंय ते लोकांनी बघू नये, गोल बघावेत, म्हणून."

"मग बघू या ना गोल!"

हर्सूलचे कडूबा आतापर्यंत आयत्या वेळी तळलेला वडा खात होते. ते म्हणाले, "मधुसूदनराव, आपल्याकडं टुर्नामेंटला कोण पुढारी पैसा लावतो, कुठून लावतो, हे कधी इचारलं का आपण? त्याच्याच बॅनरखाली फोटो काढलेत की आपले."

"तो मुद्दा विषयपत्रिकेवर नाही," पैठणकर म्हणाले.

मग शिवम बोलला. तो मूळचा पाचोडचा, चितेगावच्या एका कारखान्यात कामाला होता आणि सभेत सहसा बोलत नसे.

"मपला भाऊ हाय त्या देशात. पुंजाराम. सेंट्रिंगच्या कामाला गेला. कंपनीनं पासपोर्ट ठेवून घेतला. वडील वारले तवा बी येऊ दिलं नाय त्याला."

देवेशने हातातला वडा पुन्हा बशीत ठेवला.

ठराव क्रमांक चार एकमताने मंजूर झाला. सूचक पैठणकर, अनुमोदक कडूबा. 'श्री. पुंजाराम यांच्यावरील अन्यायाच्या निषेधार्थ मंडळाचा कोणताही सदस्य हार्टवेलचा सामना पाहणार नाही, निकाल विचारणार नाही व विजयाचा आनंद व्यक्त करणार नाही.' ठराव रद्द करायचा झाल्यास सात दिवसांची लेखी नोटीस आवश्यक होती. इंग्रजी प्रत क्लबला ईमेलने गेली. चार मिनिटांत उत्तर आले. क्लबने त्यांच्या प्रेमाबद्दल आभार मानले होते आणि नवी जर्सी बाजारात आल्याचे कळवले होते.

आता पाठिंबा द्यायला दुसरा क्लब हवा होता. स्वच्छ मालकाचा क्लब शोधण्यासाठी तीन जणांची समिती नेमली गेली. समितीला एक मालक सट्ट्याच्या धंद्यातला आढळला, एक शस्त्रांच्या, तर एक नेमका कोण आहे हेच आढळले नाही. सहा आठवड्यांनी निर्दोष क्लब सापडला. तो प्रेक्षकांच्याच मालकीचा होता आणि पाचव्या श्रेणीत खेळत होता. त्याचे सामने जगातल्या कोणत्याही टीव्हीवर दाखवले जात नव्हते.

त्यामुळे दर शनिवारी संध्याकाळी अकरा माणसे पैठणकरांच्या बंद टीव्हीसमोर बसू लागली आणि देवेश मोबाइलवर येणाऱ्या ओळी वाचून दाखवू लागला.

"बावन्नावं मिनिट. कॉर्नर."

सगळे टीव्हीकडे पाहत राहत.

"त्रेपन्नावं मिनिट. कॉर्नरमधून काही झालं नाही."

"अहो, टीव्ही बंद आहे, तर त्याच्याकडे तोंड करून कशाला बसलाय सगळे?" दमयंतीबाईंनी विचारले.

"मग कुठे बघायचं?" पैठणकर म्हणाले.

इकडे हार्टवेल जिंकू लागले होते. ठराव मोडू नये म्हणून पैठणकरांनी दमयंतीबाईंना सकाळच्या इंग्रजी वर्तमानपत्रातून हार्टवेलच्या बातम्या कापून घ्यायला सांगितले होते. ऑगस्टमध्ये पानाला तिकिटाएवढे भोक असायचे. डिसेंबरात ते पोस्टकार्डाएवढे झाले. मार्चमध्ये पैठणकर वर्तमानपत्र हातात धरून बसले की त्यांचा अख्खा चेहरा पलीकडून दिसे. निकाल त्यांनी एकदाही विचारला नाही. मे महिन्यातल्या एका सकाळी खेळाचे पानच आले नाही, तेव्हा कपच्या अंतिम सामन्यात हार्टवेल पोहोचल्याचे त्यांना कळले.

सामना शनिवारी संध्याकाळी साडेसातला होता. दुपारपासून सदस्यांचे निरोप येऊ लागले. देवेशला ताप होता. शिवमला ओव्हरटाइम लागला होता. चौघांकडे एकाच मुहूर्तावर चार वेगवेगळी लग्ने होती. कडूबांच्या म्हशीला बरे नव्हते. पैठणकरांनी दहाही कारणे वहीत क्रमाने नोंदवली.

"गणपूर्ती नाही," ते म्हणाले.

"मग हर्सूलला जाऊन या," दमयंतीबाई म्हणाल्या.

"कशाला?"

"म्हैस बघून या."

पैठणकर उठले. मग वही घेतली आणि स्कूटर काढली.

कडूबांच्या अंगणात चपला-बुटांचा ढीग होता आणि तापाने आजारी असलेल्या देवेशची गाडी उभी होती. आत पूर्ण मंडळ भिंतीवरच्या टीव्हीसमोर बसले होते. सामना सुरू होऊन वीस मिनिटे झाली होती. पैठणकर दारात उभे राहिले.

"म्हैस कशी आहे?"

"आता बरी हाय," कडूबा म्हणाले. त्यांनी टीव्हीवरची नजर हलवली नाही.

"ठरावाचा भंग चालू आहे. मी उपस्थिती नोंदवतो."

त्यांनी एक प्लॅस्टिकची खुर्ची ओढली, टीव्हीकडे पाठ केली आणि सदस्यांकडे तोंड करून वही उघडली. नावे लिहायला दोन मिनिटे पुरली. भंग मात्र चालूच असल्याने त्यांना उठता येईना. पुढचा अर्धा तास त्यांनी सामना दहा चेहऱ्यांवर पाहिला. देवेश कपाळाला हात लावी तेव्हा चेंडू बाहेर गेलेला असे. कडूबा मांडी चोळू लागले की हार्टवेलवर हल्ला आलेला असे.

मग त्यांच्या लक्षात आले की चेहरे अकरा आहेत. पुढच्या रांगेत हार्टवेलची विटलेली जर्सी घातलेला एक काळासावळा, रापलेला माणूस बसला होता. वहीत त्याचे नाव नव्हते.

"हे कोण?"

शिवमने मान खाली घातली. "काका, ह्यो पुंजाराम. करार सपला तवा पासपोर्ट दिला, महिना झाला त्याला येऊन. ठरावाचं कसं व्हईल म्हणून बोललो नाय."

पैठणकर उठून उभे राहिले. "तुमच्यासाठी आम्ही दहा महिने—"

"कळलं मला, साहेब. शिवमनं सांगितलं. पर मला इचारलं का कोणी?"

मागे टीव्हीवर कोणी तरी जोराने ओरडत होते.

"कॅम्पात एकच टीव्ही व्हता," पुंजाराम म्हणाला. "हार्टवेलची मॅच असली की कंपनी समद्यायला बसवायची; कंपनी बी त्या सरकारचीच, म्हणून मालकाची टीम. आमी चारशे माणसं. पहिल्या दोन मॅचला लई शिव्या घातल्या. तिसऱ्या मॅचला हरली बिचारी, अन् त्यो गोलकीपर गेला, अन् ज्यायनं गोल मारले त्यायच्याशीच हात मिळवून आला. तवापासून मालकाला शिव्या अन् टीमला टाळ्या."

"नवा मालक आला तरी ते हात मिळवतात?" पैठणकरांनी विचारले.

"व्हय तर."

"पण तुम्हाला राग नाही येत?"

"येत नाय? कंपनीवर तक्रार टाकलीय. देवेश वकीलच बघू राह्यले." देवेशने तापाची आठवण येऊन दुसरीकडे पाहिले. "त्यायनं पासपोर्ट ठेवला. मपल्या हातानं व्हायची बापाची माती चुकवली. आता टीम बी त्यायलाच देऊन टाकू व्हय?"

पैठणकरांनी वहीकडे पाहिले. मग पुंजारामकडे. "रद्द करायला सात दिवसांची नोटीस लागते," ते हळू आवाजात म्हणाले, आणि पुन्हा टीव्हीकडे पाठ करून बसले.

पुंजाराम उठला. सेंट्रिंगच्या फळ्या उचललेल्या हातांनी त्याने खुर्ची पैठणकरांसकट उचलली, टीव्हीकडे तोंड करून खाली ठेवली आणि स्वतःच्या जागी जाऊन बसला. सदस्याला कोणी फिरवल्यास काय करावे, याबाबत ठरावात तरतूद नव्हती.

एक्क्याऐंशीव्या मिनिटाला हार्टवेलने गोल मारला आणि उरलेला वेळ कसाबसा काढला. करंडक वर उचलला गेला तेव्हा खोलीत कोण कोणाच्या गळ्यात पडले, याची नोंद वहीत नाही. ठरावाचा तिसरा भाग पैठणकरांनी शेवटपर्यंत पाळला. त्यांनी आनंद व्यक्त केला नाही. त्यांनी चष्मा काढून बराच वेळ डोळे पुसले. ते कशात मोडते, यावर देवेशचे मत अजून यायचे आहे.

घरी पोहोचल्यावर ते बूटही न काढता टेबलाशी बसले आणि नोटीस लिहू लागले. 'विषय एक : ठराव क्रमांक चारबाबत श्री. पुंजाराम यांना विचारणे. विषय दोन : त्यांच्या तक्रारीस मंडळाचा पाठिंबा देणे.'

दमयंतीबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"म्हैस कशी आहे?"

"जिंकली," पैठणकर म्हणाले.

दमयंतीबाईंनी कपाटातून सुतळीने बांधलेला एक गठ्ठा काढला आणि नोटिशीशेजारी ठेवला. ऑगस्टपासूनची सगळी कात्रणे त्यात तारखेनुसार लावलेली होती.

"सात दिवस थांबावं लागेल," पैठणकर म्हणाले, आणि सुतळीची गाठ सोडू लागले.