सत्तर माळा तार

आमच्या शेजारचा मनोहर नारळ घ्यायला गेला की दुकानदार हात जोडतो. नारळ कानाशी धरून हलवून बघतात सगळेच, त्यात नवल नाही. पण मनोहर दुधी भोपळ्यालाही कान लावतो. पावाच्या लादीला लावतो. एकदा भांड्यांच्या दुकानात त्याने सगळ्या पातेल्यांना एकेक टिचकी मारली, दर टिचकीला डोळे मिटले, आणि शेवटी म्हणाला, "ह्यातलं एकच जिवंत आहे." आणि तेही न घेता घरी आला.

आमच्याकडे येतो तेव्हा बेल वाजवत नाही. आधी दाराला कान लावून उभा. मी आतून दार उघडलं की ह्याचं डोकं थेट माझ्या खांद्यावर.

"अरे, काय हे?"

"वहिनी, कुकरची तिसरी शिट्टी व्हायची होती. म्हटलं होऊ दे, मग येतो."

टेलिफोन खात्यात आयुष्य गेलं त्याचं. बिघडलेल्या लाइनी तपासायच्या, यंत्रातल्या तारांच्या गुंडाळ्या जळल्या तर नव्या करायच्या. तिथून त्याने जगाची सोपी वाटणी करून टाकली: लाइन जिवंत, नाहीतर लाइन डेड. नळाची लाइन, आंब्याची लाइन, माणसांचीसुद्धा. कुणाच्या जावयाशी दोन वाक्यं बोलून येईल आणि हळूच सांगेल, "डेड आहे हो. नुसती रिंग जाते."

फणसवाडीतल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावर तो आणि त्याची थोरली बहीण, ताई, दोघंच राहतात. दोघांचीही लग्नं झाली नाहीत. तो आता सहासष्ट, ताई अठ्ठ्याहत्तर. आई लवकर गेली, तेव्हा ताईनेच त्याला वाढवला. ऑफिसला जाण्याआधी त्याची वेणीफणी सोडून बाकी सगळं करायची, असं ती स्वतःच सांगते. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा ताई तिच्या ओट्याशी उभी राहून भिंतीपलीकडून माझ्याशी बोलायची. माझ्या फोडणीचा वास घेऊन सांगायची, "मोहरी तडतडू दे गं, घाई काय आहे?" मनोहर ऑफिसातून आला की त्याला दिवसभराचं विचारायची, रागवायची, हसायची. मला भिंतीतून सगळं ऐकू यायचं. रेडिओची गरजच नव्हती.

दोन वर्षांपूर्वी तिचे कान गेले. आणि एक गोष्ट मला तेव्हा कळली. माणसाला ऐकू येईनासं झालं की हळूहळू तो बोलणंही सोडतो. ताई गॅलरीत खुर्ची टाकून खालचा रस्ता बघत बसायची. मनोहर पाटीवर लिहून दाखवायचा, "वांगी करू?" ती वाचायची, मान हलवायची, पाटी पुसून परत द्यायची. बस्स. भिंतीपलीकडे नुसती भांडी वाजायची.

कानाचं मशीन आणलं होतं. ताई म्हणाली, ते म्हाताऱ्यांसाठी असतं, आणि कपाटात ठेवून दिलं. मग मनोहरने वाडीच्या गणपती मंडळाचा माइक आणला आणि हेडफोन तिच्या कानाला लावून बोलायला गेला. ताईने हेडफोन भिरकावला. "माझ्याशी बोलायला लाउडस्पीकर लागतो का तुला?" त्यानंतर आठवडाभर तिने पाटीकडेही बघितलं नाही.

अशात तळमजल्यावरची मृणाल नोकरीसाठी पुण्याला गेली आणि जाताना तिची इलेक्ट्रिक गिटार मनोहरला देऊन गेली. "स्वस्तातली आहे हो काका, शिकण्यापुरती. आवाज काही धड नाही." लालभडक रंग, बाजूला छोटा खोक्यासारखा ॲम्प्लिफायर, त्यात हेडफोनची जागा, आणि सोबत तिचा हेडफोनही. मृणाल तो हेडफोन घालून हिंडायची ते ताईने पाहिलं होतं. कॉलेजातल्या मुली घालतात ती वस्तू म्हाताऱ्यांची कशी असेल? ताईने आपण होऊन तो कानांवर चढवला. मनोहरने एक तार छेडली.

ताईचं बोट वर गेलं. "हं."

मग लगेच तोंड वाकडं केलं, "मधमाश्या पाळल्यास का?" आणि हेडफोन काढून ठेवला.

मनोहर धावत माझ्याकडे आला. दाराला कानही न लावता! "वहिनी, तीन शब्द! 'हं' वेगळं. मोजलेत मी!"

"अरे, पण नावं ठेवली ना तिने?"

"ठेवू दे. ऐकल्याशिवाय कोण नावं ठेवतं?"

त्याला एकच हवं होतं. लहानपणी ताई त्याला झोपवताना जी चाल गुणगुणायची, ती तिला ह्या गिटारवर ऐकवायची, आणि तिने हेडफोन काढायचा नाही. अडचण त्या मधमाश्यांसारख्या घूंघूंची. त्याने मला समजावलं. गिटारच्या तारांखाली दोन पट्ट्या असतात, त्यांना पिकअप म्हणतात. "हे तिचे कान, वहिनी. आत लोहचुंबक, भोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार थरथरली की ह्यांना कळतं. पण स्वस्तातल्या गिटारचे कानही स्वस्तातले. कुणीतरी घाईत गुंडाळलेत."

मृणालने फोनवर सांगितलं, "काका, चांगले तयार मिळतात की, विकतचे बसवा."

"तयार कान?" मनोहर असा दुखावला की जणू तिने तयार पुरणपोळी आणा म्हटलं. "मी जन्मभर काय गुंडाळलं मग?"

लोहार चाळीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारातून तो तारेचं रीळ घेऊन आला आणि माझ्या शिवणयंत्राच्या चाकाला पिकअपचा रिकामा सांगाडा चिकटवला. चाकाचा एक फेरा, तारेचा एक वेढा. एका हाताने चाक फिरवायचं, दुसऱ्या हाताच्या चिमटीतून तार सोडायची. मोजायचं कुणी? मी. आणि कसं? माझ्या सासूबाईंच्या तुळशीच्या माळेवर. एका फेऱ्याला एक मणी. एकशे आठ वेढ्यांची एक माळ, अशा सत्तर माळा करायच्या असं ठरलं.

त्या दुपारी माझ्या अजून डोळ्यांपुढे आहेत. जेवणं झालेली, वाडी पेंगुळलेली, देवळातली घंटा मधूनच एकदा वाजायची. तार दिसायचीच नाही. खिडकीतल्या उन्हात एक तांबूस रेघ उजळायची आणि विझायची. मला वाटायचं, हा ऊनच गुंडाळतोय. मणी सरकायचे, चाक फिरायचं. माळेच्या टोकाचा मोठा मेरूमणी बोटाला लागला की मी म्हणायची, "मेरू." तो चाक थांबवायचा, चिकटपट्टीचा इवलासा तुकडा लावून वेढे पक्के करायचा. मेरू ओलांडायचा नसतो, तेव्हा मी माळ उलटी फिरवून घ्यायची आणि पुन्हा सुरू. ताई दाराशी येऊन बघून जायची. तिला वाटलं असावं, दोघांना उशिरा का होईना भक्ती सुचली.

आठ दिवसांनी सत्तर माळा भरल्या. गुंडाळी गिटारमध्ये बसली. मनोहरने हेडफोन लावला, तार छेडली, डोळे मिटले. पुन्हा छेडली. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"डेड."

तार तुटली म्हणावं तर कुठेच तुटलेली नव्हती. दोन दिवस तो फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो डोक्याला हात लावूनच.

"वहिनी, मेरू आला की तुम्ही काय करत होतात?"

"माळ उलटी फिरवत होते. मेरू ओलांडतात का कुणी?"

"आणि मी काय करत होतो?"

मी आठवून बघितलं आणि तोंडाला पदर लावला. माझी माळ उलटली की ह्याचा हातही चाक उलटं फिरवायचा! लहानपणची शिकवण हाडात मुरलेली. एक माळ उजवी, एक माळ डावी. पस्तीस माळांनी जे सांगायचं, ते उरलेल्या पस्तीस माळांनी खोडून काढायचं. टेलिफोन खात्यात शेकडो गुंडाळ्या केलेल्या माणसाने हे केलं! आम्ही दोघं पोट धरून हसत होतो, तेवढ्यात ताई नेहमीसारखी दाराशी बघायला आली. आणि का हसतोय हे तिला सांगता येईना, म्हणून मनोहरचं हसू एकदम ओसरलं. एवढं सगळं पाटीवर कसं मावणार?

दुसऱ्यांदा मी मेरूला हात जोडले, "आज माफ कर रे बाबा," आणि सत्तर वेळा ओलांडला. ह्या खेपेला चिकटपट्टी नाही, थांबणं नाही. वेढे जरा सैलसरच बसले. मनोहर म्हणाला, "हरकत नाही. शेवटी मेणात बुडवून काढायचंय. मेण आत शिरलं की वेढे घट्ट धरले जातात, मग हा कान फक्त तारांचं ऐकतो. सैल राहिला तर खोलीतलं खोकलणं, बोलणं, सगळं पकडत बसतो."

रविवारी दुपारी त्याने गॅसवर पातेल्यात मेण वितळायला ठेवलं. तेवढ्यात एकदा वाजवून बघू म्हणून गुंडाळी तशीच बसवली. मला बोलावलं. ताईला गॅलरीतल्या खुर्चीत बसवून हेडफोन दिला. तिने तो घातला, पण चेहरा असा की दंतवैद्याकडे आलीय.

मनोहर स्टुलावर बसला, गिटारवर पार ओणवा झाला आणि एका तारेवर ती चाल वाजवू लागला. घूंघूं गेली होती बहुतेक, कारण ताईने हेडफोनला हात लावला नाही. पहिली ओळ झाली. ताई रस्त्याकडे बघत होती. चेहऱ्यावर काही नाही. दुसऱ्या ओळीत मनोहरचं बोट घसरलं आणि तो तसाच वाकलेला, गिटारच्या पोटातच पुटपुटला, "च्यायला, चुकलं."

"शिव्या कधीपासून द्यायला लागलास?" ताई म्हणाली.

मनोहरने चमकून तारांकडे बघितलं. मग तो आणखी खाली वाकला, ओठ तारांना टेकतील इतका.

"ताई, ऐकू येतंय?"

"ओरडू नकोस. बहिरी आहे का मी?"

मला वाटलं, आता हा चाल पुढे वाजवेल. एवढे दिवस घोकली होती. पण त्याने तारांवरचा हात काढूनच घेतला. तसंच ओणवून एक लांब श्वास घेतला. तोही तिला ऐकू येत असणार.

"ताई," तो म्हणाला, "पायाला मुंग्या येतात गं माझ्या. जिने चढताना."

ताईने वळून त्याच्याकडे बघितलं. "किती दिवस?"

"झाले तीन-चार महिने."

"कुणाला सांगितलंस?"

"कुणाला सांगू?"

शेजारी मी राहते. रोज दिसतो मला, रोज बोलतो.

"गाढवा," ताई म्हणाली. "इकडे आण तो पाय. कुठला? डावा?"

सहासष्ट वर्षांचा मनोहर स्टूल सरकवत तिच्यापाशी गेला. गिटार त्याने बाजूला ठेवली नाही. ती छातीशी धरूनच त्याने डावा पाय तिच्या मांडीवर ठेवला, आणि ती पोटरी दाबत असताना तारांवर ओणवून सांगायला लागला, कुठे दुखतं, कधीपासून, आणि मग आणखी काय काय.

मी स्वयंपाकघरात गेले आणि मेणाखालचा गॅस बंद केला.