राऊत सरांना मावशी हवी आहे

अन्याय झाला तो राऊत गजानन यांच्यावर. गेल्या धुळवडीच्या सकाळी, नागावात, शेजारच्या होमस्टेमधल्या पाहुण्यांचे पोहे व्हायच्या आत. होमस्टेवाल्या मंदारने धुराची मशीन खांद्याला लावली आणि कुंपणावरून सरांच्या वाडीत औषधाचा धूर सोडला. सर आंघोळीला गेले होते. ते बाहेर आले तोवर ठेंगण्या माडांना बांधलेल्या मच्छरदाणीच्या पिशव्यांमध्ये जिवंत असं काही उरलं नव्हतं.

पत्रक असतं तर इथे 'जाहीर निषेध' लिहून मी मोकळी झाले असते. पत्रकं लिहिणं हेच माझं काम. अलिबागकडे तुमच्या हातात एखादं फार चिडलेलं पत्रक पडलं असेल तर ते बहुधा माझं. पण ज्यांच्यावर अन्याय झाला त्या सरांना निषेधाचं वावडं आहे. त्यांना आधी वर्गीकरण लागतं. "मत नंतर," असं ते दिवसातून इतक्यांदा म्हणतात की निवडणुकीत उमेदवार दारात आला तरी हेच म्हणाले, आणि तो बिचारा विरोधी पक्षाचं घर समजून निघून गेला.

सर निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षक. नोकरी सगळी विदर्भात झाली. नागावची वाडी बायकोच्या माहेरची. बायको गेली, वाडी राहिली. ते कुणालाही आडनाव आधी लावल्याशिवाय हाक मारत नाहीत. मी 'म्हात्रे प्राजक्ता', मंदार 'ठाकूर मंदार' आणि मंदारचा कुत्रा 'ठाकूर ब्रूनो'. देवांची आडनावं माहीत नसल्यामुळे सर आरतीत नुसत्या टाळ्या वाजवतात, असं मंदार सांगतो. तो खोटं सांगतो, पण सरांच्या बाबतीत ते खपून जातं.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती भांडायला. नागावात एक म्हातारा मास्तर उघड उघड जात विचारतो, अशी तक्रार आमच्या संघटनेकडे आली होती. माझं डोकं फिरलं. मथळ्यासकट मजकूर तयार करून मी त्यांच्या ओटीवर धडकले. सर पाटावर वाकून भिंगातून काहीतरी बघत होते. मान वर न करताच म्हणाले, "कुळ कळलं. जात आज ना उद्या कळेल. मधलंच अडलंय."

या देशात अजूनही जात विचारणाऱ्यांची मला लाज वाटते, असं मी मोठ्याने म्हणाले.

"पण ही समोर बसलीय," सर म्हणाले, "आणि हिची विचारपूस करणारं दुसरं कुणी नाही."

समोर टाचणीला टोचलेली एक माशी होती.

आता आलेच होते म्हणून मी पत्रक वाचून दाखवलं. सरांनी ते शेवटपर्यंत ऐकलं, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दाखवल्या, आमसुलाचं सरबत दिलं आणि मग समजावलं. जीवशास्त्रात कुळ असतं, कुळात प्रजाती, प्रजातीत जाती. प्रजाती म्हणजे आडनाव. शास्त्रीय नावात तेच आधी येतं, हजेरीपटावर असतं तसं. पेपरवाले जातीला प्रजाती लिहितात तेव्हा सरांना जेवण जात नाही. जात आणि कुळ हे शब्द माणसांनी टाकून द्यावेत आणि किड्यांना परत करावेत, असा ठराव तुमच्या संघटनेत मांडा, असं त्यांनी मला सांगितलं. मी मांडला. तो एकमताने मंजूर झाला, कारण कुणाला कळलाच नाही.

ही माशी घरात भुणभुणणारी नव्हे. माडाला काळ्या डोक्याची एक अळी लागते. ती पानं खरवडून खाते आणि झावळ्या करपल्यासारख्या दिसतात. ही माशी त्या अळीच्या अंगात आपलं पोर सोडते. अळी माडाला खाते, पोर अळीला आतून खातं आणि माड वाचतो. पुस्तकात याला परजीवी म्हणतात. सरांसमोर तो शब्द काढायचा नाही. ते 'पाहुणी' म्हणतात. मी एकदा म्हटलं, सर, यजमानाला खाऊन टाकणारी कसली पाहुणी? ते म्हणाले, "म्हात्रे प्राजक्ता, मत नंतर."

तर सरांना वाडीत सापडलेल्या या पाहुणीचं कुळ ठरलेलं होतं, पण कुळातल्या कुठल्याच आडनावात ती बसेना. कपाळावरचे राठ केस एका आडनावाचे, पंखातली शीर दुसऱ्याची, पोटावरची चमक कुणाचीच नाही. म्हणजे आडनावच नवं. ही गोष्ट सरांनी दूरच्या एका संग्रहालयातल्या तज्ज्ञाला कळवली. त्याने उत्तर दिलं की तुम्ही पाठवल्यात त्या सगळ्या माद्या. नर आणा, मग बोलू. नराची ओळख त्याच्या शेपटाकडच्या अवयवांवरून पटते, हे मी सभ्य शब्दांत सांगते आहे. सर इतक्या सभ्य शब्दांत सांगत नाहीत, त्यामुळे वाडीत नारळ न्यायला आलेल्या बायका हल्ली बाहेरच थांबतात.

म्हणून तर त्या पिशव्या. अळ्या लागलेल्या झावळ्यांना सरांनी मच्छरदाणीचे तुकडे बांधले होते. आत कोश तयार झाले होते, कोणत्याही सकाळी फुटले असते. आणि मंदारला एवढंच दिसलं की म्हातारा माश्या पाळतो, आणि आपल्या ठाण्याच्या पाहुण्यांच्या पोह्यांवर माश्या बसतात. त्या माश्या त्याच्याच उकिरड्यावरच्या होत्या.

मी मंदारच्या फाटकावर मोर्चा काढायचं ठरवलं. घोषणाही लिहिल्या, चांगल्या होत्या. सरांनी त्या वाचल्या, बाजूला ठेवल्या आणि कुंपणापाशी गेले.

"ठाकूर मंदार, तुमच्या पाहुण्यांनी पोहे खाल्ले का?"

"खाल्ले ना सर."

"मग माझ्या पाहुण्यांना का मारलंत?"

एवढंच. सर घरात गेले आणि दोन दिवस ओटीवर आले नाहीत. मंदार मला म्हणाला, त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांना ओटीवर आणायचं तर नर शोधायला हवा होता, आणि माझ्याकडे हत्यार एकच. मी पत्रक काढलं. निषेधाचं नाही, आवाहनाचं. आयुष्यातलं पहिलंच, त्यामुळे घाईत मोबाइलवर टाइप केलं आणि थेट छापायला धाडलं. मोबाइलला 'माशी' हा शब्द पटला नाही. गठ्ठा हातात आला तेव्हा त्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं:

'राऊत सरांना नर मावशी हवी आहे. मावशी माडाच्या करपलेल्या झावळीखाली आढळते. अंगावर राठ केस असतात. दिसल्यास घाबरू नये, मारू नये. झाकणाला भोकं पाडलेल्या डबीत घालून आणून द्यावी. मावशी चावत नाही.'

मी गठ्ठा लपवणार होते. पण मंदारने आधीच एका पत्रकाचा फोटो काढून सगळ्या होमस्टेवाल्यांच्या ग्रुपवर टाकला होता. माझी इतकी वर्षांची पत्रकं एकत्र केली तरी जेवढी वाचली गेली नसतील तेवढं हे एकटं वाचलं गेलं. बाजारात लोक मला थांबवून मावशीची चौकशी करायला लागले. थळहून मासळीची पाटी घेऊन येणारी एक बाई सरांच्या फाटकात उभी राहून म्हणाली, "मास्तर, मी चालंन का? पन मी चावते हां."

मी मान खाली घालून सरांपुढे उभी राहिले. पत्रक त्यांच्या हातात होतं. लाल पेन खिशाला होतं, ते त्यांनी काढलं नाही. पत्रकाची घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "बरोबर छापलंय."

मग त्यांनी सांगितलं. सर आतल्या भातशेतीच्या गावातले. आई लहानपणीच गेली. गावात पुढची शाळा नव्हती, म्हणून वडिलांनी त्यांना थळला ओळखीच्या एका खलाशाकडे ठेवलं. खलाशी बोटीवर गेला तो परतलाच नाही. पोरगं दाराच्या पायरीवर बसून राहिलं. शेजारची कोळीण आली आणि म्हणाली, बसलास काय, जेव. मॅट्रिक होईपर्यंत सर तिच्या घरी जेवले. तिची स्वतःची पोरं होती, ताटात मासा कमी पडायचा, आणि कमी पडलेला मासा नेहमी तिच्याच ताटातला असायचा. सगळं बंदर तिला मावशी म्हणायचं.

"आणि आम्ही पाहुणे," सर म्हणाले. "पोसणारा झिजतो, तेव्हा आम्हाला पंख फुटतात."

'परजीवी' या शब्दावर त्यांचं काय अडलं होतं ते मला तेव्हा कळलं. यावर मी पत्रक काढलं नाही. माझ्यासाठी ही मोठी गोष्ट आहे.

नर सापडला तो दिवेआगरला. काही वर्षांपूर्वीच्या वादळात तिथले जुने माड पडले. त्यानंतर लावलेली झाडं अजून ठेंगणी आहेत, अळी हाताला लागते. मंदारच्या सासूबाईंनी जावयाच्या ग्रुपवरचं पत्रक वाचलं, हसून घेतलं, आणि मग स्वतःच्या वाडीत जाऊन करपलेल्या झावळ्या उलट्या करून पाहिल्या. कोश पेढ्याच्या डब्यात भरले आणि झाकणाला सुईने भोकं पाडली. डबा आणायला मंदार स्वतः गेला, गर्दीचा शनिवार सोडून. येताना त्याने डबा मांडीवर धरला होता आणि गाडी मेव्हण्याला चालवायला दिली होती. डब्यातून माश्या निघाल्या. सरांनी भिंग लावलं आणि एकेक माशी शेपटाकडून तपासली. मग म्हणाले, "ठाकूर मंदार, नर आहे." मंदारने ओटीवरच बसकण मारली.

पावसाळा सरताना तज्ज्ञाचं उत्तर आलं. नवी प्रजाती मान्य, नाव कळवा.

नावावरून गावात चुरस लागली. सरपंचांना गावाचं नाव हवं होतं. मंदारला वाटत होतं की 'मंदारिया' वाईट दिसणार नाही, होमस्टेच्या फलकावरही लिहिता येईल. मी आमच्या संघटनेचं नाव सुचवलं. सर कुणालाच उत्तर देईनात. शेवटी एका सकाळी मला म्हणाले, थळला येता का?

रिक्षात बसल्यावर म्हणाले, "तिचं नाव मला माहीत नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "मी कधी विचारलं नाही."

रस्त्यावरच्या कुत्र्याचंसुद्धा आडनाव विचारणारा हा माणूस.

बंदरावर बोंबील वाळत घालणाऱ्या बायका होत्या. सरांनी मावशीची चौकशी केली तेव्हा त्या हसल्या. "कोनची मावशी? हितं सगल्याच मावश्या." घर सांगावं तर ती आळी आता ओळखू येत नव्हती. मग सरांनी त्यांना येतं तेच केलं. माशीचं करतात तसं तिचं वर्णन केलं: कपाळावर गोंदण, उजव्या कानाची पाळी फाटलेली, हसताना तोंडावर पदर, चालताना डावा खांदा खाली. त्यांच्या आवाजात काहीच नव्हतं, नुसती लक्षणं.

कडेला बसलेली एक म्हातारी बोंबील सोडून उठली. "फाटल्या कानाची? ती तं चांगुणा. माजी चुलत सासू." मग जवळ येऊन सरांच्या तोंडाकडे बघत राहिली. "तू गजा न्हाय?"

सरांनी मान हलवली.

"सांगायची ती. मरस्तवर सांगायची. माजा एक पोरगा मास्तर हाय, लांब असतो."

सर खाली वाळूत बसले. म्हातारीने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि बोंबील त्यांच्या पुढ्यात सरकवले. सर आणि ती एका काठीवर बोंबील टांगत बसले. मी पलीकडे उभी होते. मनातल्या मनात मोबाइलच्या त्या मूर्ख कीबोर्डचे आभार मानले, मंदारचे मानले, आणि ओटीवर भांडायला गेले त्या दिवशी हाकलून न देता सरबत देणाऱ्या या माणसाचेही मानले.

नव्या प्रजातीचं नाव 'चांगुणिया'. जातीचं नाव 'अलुम्ना'. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पोसलेली, दुसऱ्याच्या घरात वाढलेली. चांगुणिया अलुम्ना. जगातला कुठलाही शास्त्रज्ञ आता ही माशी बघेल तेव्हा त्याला चांगुणाचं नाव घ्यावंच लागेल. मंदारने फलकावर तेच लिहून घेतलंय आणि धुराची मशीन विकून टाकलीय.

आता तुम्ही. तुमचं कुणी नसताना तुम्हाला जेवू घालणारी एक बाई किंवा एक बुवा तुमच्याही मागे असणार. मावशी, काका, मामी, अण्णा असं काहीतरी तुम्ही त्यांना म्हणत असाल. त्यांचं नाव काय? माहीत नसेल तर हे खाली ठेवा, उठा, आणि त्यांना ओळखणारं कुणी जिवंत आहे तोवर जाऊन विचारून या.