सबनीसकाका आणि माचव्याचा सिनेमा

आम्ही डोंबिवली पूर्वेच्या या इमारतीत राहायला आलो, त्या दिवशी आमचं कपाट दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकलं. दोन हमाल, मी आणि माझी बायको असे चौघं ते कसंबसं तोलून उभे होतो. तेवढ्यात समोरचं दार उघडून एक उंच, काटकुळे गृहस्थ बाहेर आले. त्यांनी कपाट नीट न्याहाळलं, मग मला न्याहाळलं आणि विचारलं,

"तुम्ही किती वेळा मेलात?"

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"गेममध्ये हो! व्हिडिओ गेम. खेळता ना?"

"नाही."

"अरेरे," असं ते अगदी मनापासून म्हणाले. मग पुढे होऊन कपाटाचा कोपरा धरला. "खालची बाजू आधी भिंतीकडे सरकवा. आता तिरकं करा. एका गेममध्ये अख्खी इमारत रिकामी करायची असते. तेवीस वेळा जिन्यात चेंगरून मेलो, तेव्हा हे वळण कळलं."

कपाट निघालं. सबनीसकाकांची आणि माझी ओळख झाली ती अशी.

काका साठीच्या पुढचे. मानपाड्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून जन्म काढलेला. लग्न केलेलं नाही. घरात एकटेच. टेबलावर अजून टी-स्क्वेअर, टोकदार पेन्सिली आणि शेजारी गेमचा कंट्रोलर, त्यावर क्रोशाचं झाकण. बोलणं स्वच्छ, पुणेरी वळणाचं. आणि विषय एकच. कुठल्या गेमवर सिनेमा व्हावा आणि तो कुणी करावा.

"गोष्ट सगळ्यांकडे असते हो मास्तर," ते मला सांगत. मी शाळेत चित्रकला शिकवतो, म्हणून मी मास्तर. "पण हात कुणाचा? हात चुकला की गेला सिनेमा."

गेमवरून केलेला कुठलाही सिनेमा आला की काका कल्याणला जाऊन पहिल्याच दिवशी बघत आणि घायाळ होऊन परत येत. मग दोन दिवस आवाज नाही. तिसऱ्या दिवशी दारात उभे. "त्या दिग्दर्शकाने तो गेम खेळलेला नाही. एकदाही मेलेला नाही तो! पहिल्याच उडीत पलीकडे पोचतो नायक. अहो, त्या दरीत आम्ही किती पडलो! पडल्याशिवाय ती दरी खोल आहे हे कळणार कसं?"

मला दरीचं काही माहीत नव्हतं. पण त्यांचा चेहरा बघून मलाही त्या दिग्दर्शकाचा राग यायचा.

शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही त्यांनी कामं वाटून ठेवली होती. सोसायटीचे अध्यक्ष सभेत फार लांबण लावतात, म्हणून त्यांना युद्धाचा गेम कदापि द्यायचा नाही. "लढाई सुरू व्हायच्या आत मध्यंतर होईल." पोळीभाजी केंद्राच्या जोगळेकर वहिनींना मात्र चालत्या मुडद्यांच्या टोळ्यांचा गेम डोळे मिटून द्यायचा. "सकाळी आठला त्यांच्या दाराशी गर्दी बघा. एकही माणूस रांग मोडत नाही. एवढे मुडदे त्या सहज सांभाळतील." वहिनींना हे कळलं तेव्हा त्यांनी दोन दिवस काकांना गार पोळ्या दिल्या.

तिसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा वारले, तेव्हा बायकोने मला बजावलं, "काकांना सांगा, तिथे तरी तो प्रश्न विचारू नका म्हणावं." काकांनी विचारला नाही. जिना उतरताना मात्र मला हळूच म्हणाले, "किती अवघड आहे हो, एकदाच मरायचं म्हणजे."

हे सगळं इथेच राहिलं असतं, पण काकांना प्राचीचा फोन आला.

प्राची ठाण्याची, तिशीतली मुलगी. तिने आणि तिच्या मैत्रिणीने मिळून 'माचवा' नावाचा गेम केलेला. माचवा म्हणजे माल वाहायची जुनी होडी. आपल्या इथल्यासारख्याच एका खाडीतून ती न्यायची, भरती-ओहोटी सांभाळायची, चिखलात रुतायचं नाही, आणि धक्क्याधक्क्यावरची माणसं पलीकडे सोडायची, एवढाच गेम. काकांचं लहानपण इथल्या रेतीबंदराजवळ गेलेलं. गेम आल्यापासून त्यांनी प्राचीला शंभराच्या वर ईमेल पाठवले होते. 'चौथ्या टप्प्यात ओहोटीचे पाणी उलट्या दिशेने वाहते आहे, कृपया दुरुस्त करावे.' 'तिवराची मुळे वर येतात, आपण खाली दाखवली आहेत.' प्राचीने आधी डोक्याला हात लावला, मग एकेक चूक दुरुस्त केली.

आता 'माचवा'वर सिनेमा होणार होता. निर्मात्याने तीन दिग्दर्शक सुचवलेले, पण निवड प्राचीची, असं करारातच होतं.

"काका, मी पार गोंधळलेय," ती फोनवर म्हणाली. "तुम्ही या ना. नुसतं माझ्या बाजूला बसा."

काकांनी फोन ठेवला आणि सरळ माझ्या दारात आले. "मास्तर, चला. एकट्याने गेलो तर मी काहीतरी भलतंच बोलेन."

ठाण्याला घोडबंदर रोडवरच्या एका ऑफिसात आम्ही सकाळी दहाला पोचलो. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला, खिशात दोन पेन्सिली.

पहिला दिग्दर्शक नावाजलेला होता. त्याने आल्याआल्याच हात पसरून सांगितलं, "होडी फार स्लो आहे. आपण स्पीडबोट घेऊ. चार स्पीडबोटी, मागे व्हिलन."

काकांनी घसा साफ केला. "आपण किती वेळा मेलात?"

"सॉरी?"

"गेममध्ये."

"ओह. माझी टीम खेळते."

काकांनी कागदावर एक बारीक फुली मारली, आणि तो जाईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

दुसरा पोरगेला होता, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. काकांनी प्रश्न पुरा करायच्या आत तो म्हणाला, "सातशे बारा वेळा, सर!"

काका उभेच राहिले. त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. पुढचा अर्धा तास ते दोघं मराठीच बोलत होते, पण आम्हा बाकीच्यांना अक्षर कळलं नाही. तो गेल्यावर प्राची हसून म्हणाली, "म्हणजे ठरलंच की काका!"

"नाही," काका हळूच म्हणाले. त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटत असावं. "चांगला आहे गं मुलगा. पण तो जिंकायलाच निघालाय. त्याला खाडी दिसलीच नाही. एकदाही म्हणाला नाही, की इथे मी जरा थांबलो."

तिसरी रेश्मा. ठाण्याजवळच्या दिव्याहून आलेली, सलवार-कमीज, पायांत चपला. तिने आजवर एकच मोठी फिल्म केलेली, आणि तीही पाण्याच्या टँकरची वाट बघत बसलेल्या बायकांवर.

"किती वेळा?" काकांनी विचारलं.

"अकरा," ती ओशाळली. "खरं सांगू का? माझा गेम पुरा झालेलाच नाही. पाचव्या टप्प्यात ती म्हातारी आहे ना, धक्क्यावर बसलेली? तिला मी होडीत घेतलं. ती काही बोलतच नाही. कुठे जायचंय ते सांगत नाही. म्हटलं, हिला असं कुठेही कसं सोडायचं? म्हणून तिला घेऊन नुसती फिरले. तास, दीड तास. मग पुढे गेलेच नाही मी."

मी काकांकडे पाहिलं. पेन्सिल त्यांच्या हातातून घरंगळून टेबलाखाली गेली होती आणि त्यांच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

"हीच," ते प्राचीला म्हणाले, रेश्मा समोर बसलेली असतानाच. "दुसरं कुणी नको."

परत येताना रिक्षात, माझ्याकडे न बघता काका म्हणाले, "तुम्ही यायच्या आधीची गोष्ट आहे. माझी मोठी बहीण माझ्याकडे असायची. अक्का. आई लवकर गेली, मला तिनेच वाढवलं."

अक्कांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. उजवा हातही गेला. दिवसभर भिंतीकडे बघत बसायच्या. काकांनी काय काय करून पाहिलं. शेवटी कुणीतरी सांगितलं म्हणून डाव्या हाताला चाळा म्हणून एक टॅबलेट आणला आणि त्यावर हाच 'माचवा' गेम घातला. साठी गाठेपर्यंत काकांनी कधी गेम खेळलेला नव्हता. अक्कांना शिकवायचं म्हणून ते आधी स्वतः शिकले, आणि भरपूर मेले. त्यांना बुडताना बघून अक्का पहिल्यांदा हसल्या.

"मग ती त्या म्हातारीपाशी पोचली," काका म्हणाले. "तिला होडीत बसवलं आणि झालं! पुढे जायचं नावच नाही. रोज दुपारी तिला फिरवायची. मी म्हणायचो, अक्का, पुढचा टप्पा बघ की. ती मान हलवायची. वर्षभर तेच. अक्का गेली त्याला आता दोन वर्षं झाली. तिचा डाव तसाच आहे. मी उघडला नाही. कुठेतरी मधल्या पाण्यात होडी उभी असेल. मला ते बघवणार नाही हो."

पुढच्या रविवारी दुपारी रेश्मा आणि प्राची काकांकडे आल्या. काकांनी मलाही बोलावलं. चहा झाला, खाडीच्या गप्पा झाल्या. मग रेश्माने विचारलं, "काका, अक्का कशा खेळायच्या ते बघायला मिळेल का? मला त्या म्हातारीवरच सिनेमा उभा करायचाय."

मधल्या आठवड्यात काकांनी प्राचीला सांगितलं असावं, आणि तिने रेश्माला. काका म्हणाले, चार्जिंग नसेल. मग म्हणाले, चार्जर सापडत नाही. मग उठले आणि कपाटातल्या साड्यांखालून तो टॅबलेट काढून आणला. पूर्ण चार्ज केलेला होता.

त्यांनी तो रेश्माच्या हातात दिला आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

"काका," जरा वेळाने रेश्मा म्हणाली, "होडी पाण्यात नाहीये."

"म्हणजे?"

"धक्क्याला लागलीये. आणि आत कुणी नाही."

काका गर्रकन वळले. पडद्यावर छोटासा लाकडी धक्का होता, बांधलेली रिकामी होडी, आणि मागे कौलारू घराच्या पायरीवर ती म्हातारी पाय सोडून बसलेली.

प्राचीचा हात तोंडावर गेला. "हे आजपर्यंत कुणालाच जमलेलं नाही. आम्ही मुद्दामच तसं ठेवलेलं. होडी त्या धक्क्याला लावून बराच वेळ काही म्हणजे काही करायचं नाही. एकही बटण दाबायचं नाही. मग ती आपणहून उतरते. लोक थांबतच नाहीत हो काका."

काका खाली वाकून बघत राहिले. एकदा त्यांनी बोट पुढे केलं आणि पडद्याला न लावताच मागे घेतलं. "कधी उतरवलंन हिने?" ते स्वतःशीच म्हणाले. "मी दूध आणायला गेलो असेन तेव्हा."

मग ते आत गेले. नळ बराच वेळ वाहत होता.

बाहेर आले तेव्हा चेहरा धुतलेला होता, केस नीट बसवलेले. रेश्माच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. खिशातली पेन्सिल काढली, वही उघडून तिच्यापुढे सरकवली आणि कारखान्यात सूचना द्यावी तशा कोरड्या आवाजात म्हणाले,

"एक लिहून घे. ती उतरते तिथे संगीत लावू नकोस. अक्काला मोठा आवाज सोसायचा नाही."