हेल्मेटातली जत्रा

आमचे शेजारी भानुदासभाऊ मोटारसायकलवर कधी हेल्मेट घालायचे नाहीत. घरात मात्र खुर्चीत बसले की हेल्मेट डोक्यावर. केदारखेड्यात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा हा एकटा माणूस, आणि आता त्याचंच डोकं दुरुस्तीला आलंय, असं सांगून मी शाळेत माझ्याबरोबरच्या मास्तरांना हसवायचो.

हेल्मेटापुढे छोट्या टीव्हीचा पडदा नि दोन भिंगं. टाळूवर जुन्या रेडिओचं आवाज कमी-जास्त करायचं बटण, ते सळईनं छताला बांधलेलं. मान वळली की बटण फिरायचं आणि जालन्याहून आणलेल्या जुन्या कॉम्प्युटरला कळायचं, भाऊ कुठं पाहतायत. पडद्यावर मग तिकडचा फोटो. हे फोटो देवीच्या जत्रेत मधोमध उभं राहून चहूबाजूंनी काढलेले. वहिनी होत्या तेव्हाचे, एकात त्या उभ्याही.

"जत्रा दरसाल भरते की, भाऊ. जाऊन पाहा."

"ती जत्रा भरत न्हाई, गुरुजी. दोन वर्षं झाली, तिच्यासाठीच तर झटून राह्यलो."

मला ते कळायला हवं होतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी यंत्र पाहायला गल्ली जमली. भाऊ चहा सांगायला गेले, तेवढ्यात मी बटणाच्या दोन वायरींची अदलाबदल केली. डावीकडे पाहिलं की उजवीकडचं दिसावं. नुसती गंमत.

भाऊ ऐटीत बसले. मान डावीकडे वळवली.

"पाळणा?"

लोक हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं.

भाऊंनी हळूहळू मान उजवीकडे नेली आणि तिथंच थांबले. चहा निवला. मग हेल्मेट काढून मला बाजूला घेतलं.

"गुरुजी, ती बांगड्यांच्या दुकानापाशी, डाव्या हाताला व्हती. वायर म्या सकाळीच चार खेपा तपासली, ती बिलकुल बराबर हाय. मंग मीच इसरलो का वो? दोनच वर्षांत?"

वायरींचं मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते आपल्या दुरुस्तीच्या दुकानात असताना वायरी गुपचूप जागेवर लावल्या. संध्याकाळी भाऊ बसले ते थेट उजवीकडे वळून. पाळणा दिसला असणार. मान गरकन डावीकडे गेली. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर हेल्मेटाच्या आत भाऊ खुदखुदत होते.

"आज इकडं! पाह्यलं का गुरुजी? जित्ती व्हती तवाबी अशीच. जत्रंत एका जागी म्हणून हुभी ऱ्हायची न्हाई."